गोळी बंद केल्यावर दिवस राहतात का?

वरठीच्या रेल्वे स्टेशनावरची पाटी 'भंडारा रोड' अशी आहे. गावाचे खरे नाव बाहेरच्या माणसाला गाडीतून उतरल्यावरच कळते. मोहाडी तालुक्यातल्या या गावात सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, भोवती धानाच्या बांध्या आहेत, आणि या दोन्हींच्या आधाराने नवा संसार मांडलेली जोडपी आहेत. लग्नाला वर्ष झालेले, भाड्याची एक खोली, नवरा शिफ्टमध्ये, बायकोचे बी.ए.चे शेवटचे वर्ष राहिलेले. एवढ्यात मूल नको, हे दोघांचेही ठरलेले असते. पण मग काय वापरायचे, यावर घरात बोलणे होत नाही. झालेच तर एवढेच: "गोळ्या खाऊ नको बाई, पिशवी सुकते. मग दिवस राहायचे नाहीत."

हे वाक्य फक्त वरठीत ऐकू येते असे नाही. पुण्यातल्या सोसायटीतही ते तितक्याच खात्रीने बोलले जाते. त्याचा परिणाम मात्र ठरलेला. जोडपे काहीच वापरत नाही. मग चुकून दिवस राहतात, मग मेडिकलमधून गुपचूप 'पाळी आणायच्या' गोळ्या येतात; किंवा तयारी नसताना पहिले मूल, पाठोपाठ दुसरे, आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या, म्हणजे ४९ टक्के, स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. गोळी घेणाऱ्या त्यांच्या तुलनेत अगदी मोजक्या. जी गोळी उद्या सकाळी बंद करता येते तिची भीती, आणि जे ऑपरेशन परत फिरवणे महाकठीण त्याची नाही, हा उलटा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

तेव्हा मथळ्यातल्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगून टाकू. हो, राहतात. युरोपात गोळी थांबवून मूल हवे असलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा केला गेला. त्यांतल्या २१ टक्के स्त्रियांना पहिल्याच पाळीचक्रात दिवस राहिले आणि वर्षभरात ७९ टक्के स्त्रियांना. ज्यांनी आयुष्यात कधी गोळी घेतली नाही त्यांचे आकडेही याच घरात असतात. डेन्मार्क आणि उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १८ हजार स्त्रियांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळी थांबवल्यावर जननक्षमता पूर्ववत व्हायला साधारण तीन पाळीचक्रे लागली, तांबीनंतर दोन, आणि इंजेक्शननंतर पाच ते आठ. साधन किती वर्षे वापरले, याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे उशीर होतो तो काही महिन्यांचा. कायमचे वांझपण कुठल्याच साधनाने आलेले नाही.

याचे कारण गोळीच्या कामातच आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दर महिन्याला अंडाशयाला निरोप धाडते आणि त्या निरोपावर एक अंडे पिकून बाहेर पडते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एन गोळीत दोन हार्मोन असतात, ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडिओल. ती रोज पोटात गेली की पिट्युटरीचा निरोप थांबतो आणि अंडे बाहेर पडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, आतले अस्तर पातळ राहते. गोळी थांबली की ही औषधे काही दिवसांत शरीराबाहेर जातात आणि निरोप पुन्हा सुरू होतो. अंडाशयातली अंडी या काळात 'जळत' नाहीत. ती साठून शिल्लकही राहत नाहीत. वयाबरोबर ती कमी व्हायची तशी होतच राहतात, म्हणून दहा वर्षे गोळी घेतलेल्या बाईची पाळी उशिरा जाते असेही नाही. आणि 'पिशवी सुकते' म्हणतात ते पातळ झालेले अस्तर पहिल्या एकदोन पाळ्यांतच पुन्हा भरते.

मग एवढी भीती आली कुठून? ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही. तिच्यामागे पाहिलेले, ऐकलेले प्रसंग आहेत, फक्त त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला आहे.

सगळ्यात मोठा घोळ अनियमित पाळीचा. समजा एखाद्या मुलीला पीसीओएस आहे. तिची पाळी मुळातच दोन-दोन महिन्यांनी येते. डॉक्टर पाळी नियमित करायला तिला गोळ्या देतात, किंवा लग्नानंतर ती स्वतःच माला-एन सुरू करते. आता दर २८ दिवसांनी रक्तस्राव होतो आणि घरचे म्हणतात, पाळी सुधारली. खरे तर तो रक्तस्राव हार्मोनच्या गोळ्या आठवडाभर थांबल्यामुळे होतो, अंडे पिकल्यामुळे नाही. मूळ तक्रार झाकली गेलेली असते, बरी झालेली नसते. तीन वर्षांनी गोळी थांबते, पाळी पुन्हा लांबते, दिवस राहायला उशीर होतो आणि ठपका गोळीवर बसतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: माझी पाळी आपोआप किती दिवसांनी येत होती? पुढे कधी डॉक्टरांकडे जावे लागले तर हा एक आकडा महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगतो.

तपासण्यांवरून आठवले. अंडाशयातला साठा मोजायला एएमएच नावाची रक्ततपासणी हल्ली सर्रास लिहून दिली जाते. गोळी किंवा इंजेक्शन चालू असताना तिचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो आणि साधन थांबल्यावर काही महिन्यांत वर चढतो. गोळी चालू असतानाचा अहवाल हातात घेऊन 'साठा संपत आलाय' असे कुणी सांगितले, तर घाबरून लगेच टेस्ट ट्यूबच्या दवाखान्याची पायरी चढू नका.

दुसरा घोळ वयाचा. चोविसाव्या वर्षी गोळी सुरू केली आणि चौतिसाव्या वर्षी थांबवली, तर मधली दहा वर्षे गोळीने खाल्लेली नसतात. ती वयाने खाल्लेली असतात. पस्तिशीनंतर दिवस राहण्याची शक्यता घटत जाते, गोळी घेतली काय नि न घेतली काय.

तिसरे कारण इतिहासातले. अमेरिकेत १९६० मध्ये आलेल्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते. आजच्या माला-एनमध्ये ते ३० मायक्रोग्रॅम आहे. प्रकार जरा वेगळा असला तरी मात्रा कितीतरी पटींनी उतरली. त्या काळच्या मळमळीच्या, सुजेच्या, रक्ताच्या गुठळ्यांच्या कहाण्या मात्र आजीकडून नातीकडे तशाच आल्या. एरवी संततिनियमनाचा विषय मराठी माणसाला नवा नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत केंद्र काढले ते १९२१ मध्ये, 'समाजस्वास्थ्य' सुरू केले १९२७ मध्ये. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला आणि तो फेटाळला गेला. तेव्हाचा विरोध नीतीच्या नावाने होता. आज नीतीचे कुणी फारसे बोलत नाही, वांझपणाचे बोलतात.

अंतराचा हिशेब वेगळा

इंजेक्शनाबाबत मात्र घरच्या बायकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. 'अंतरा' या नावाने २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेले इंजेक्शन म्हणजे १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. ते दंडाच्या किंवा कुल्ल्याच्या स्नायूत दिले जाते, तिथे त्याचा साठा राहतो आणि तो तीन महिने हळूहळू पाझरतो. इंजेक्शन घ्यायचे थांबवले तरी टोचलेले औषध परत काढता येत नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी दहा महिने लागतात. बारा महिन्यांत ६८ टक्के, पंधरा महिन्यांत ८३ टक्के आणि दीड वर्षात ९३ टक्के स्त्रियांना दिवस राहिल्याची नोंद आहे. ज्या बाईला हे आधी सांगितलेले नसते तिला सहाव्या महिन्यात वाटू लागते की आपले संपले. सांगितलेले असेल तर ती वाट पाहते. १९८० आणि ९० च्या दशकांत देशभरातल्या स्त्री संघटनांनी गर्भनिरोधक इंजेक्शनांना विरोध केला, तोही मुख्यतः यासाठीच की बाईला पुरती माहिती न देता, तिची नीट संमती न घेता, नंतर तिची विचारपूस न करता ती दिली जातील. हा आक्षेप आजही लागू आहे. इंजेक्शन देणाऱ्याने पाळी बदलेल आणि दिवस राहायला उशीर होईल, या दोन गोष्टी सांगितल्या नाहीत, तर तुम्ही विचारा.

ढोबळ नियम असा धरा. येत्या वर्ष-दीड वर्षात मूल हवे असेल तर अंतरा घेऊ नका. गोळी, निरोध किंवा तांबी बरी. पहिल्या मुलानंतर तीन वर्षांचे अंतर ठेवायचे असेल, अंगावर पाजत असाल आणि रोज गोळी लक्षात ठेवणे जमणार नसेल, तर अंतरा सोयीची आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती सुरू करता येते आणि दूध आटत नाही. पहिल्या काही महिन्यांत अवेळी डाग लागतात. वर्षभरात पुष्कळ जणींची पाळी बंदच होते. 'घाण रक्त आत साचतंय' या समजात काही दम नाही. अस्तरच तयार होत नाही, तर साचणार काय? सुई टोचलेल्या जागी चोळू नका, शेकही देऊ नका. औषध लवकर पसरते आणि लवकर संपते. पुढची तारीख कार्डावर लिहून मिळते. ती दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालते. रोवणीच्या दिवसांत तारीख येत असेल तर आधीच जाऊन घ्या, कारण चिखलात उभे राहून दवाखाना कुणाला आठवत नाही.

अंतराचे तोटेही आहेत. वजन काही किलोंनी वाढू शकते. गोळीने वजन वाढते अशी बोलवा आहे, पण अभ्यासांत तसा मोठा परिणाम दिसत नाही, इंजेक्शनात दिसतो. दीर्घ वापराने हाडांची घनता कमी होते आणि थांबवल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते. २०२४ मध्ये फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात हे इंजेक्शन वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाच्या मेनिन्जिओमा या गाठीचा धोका पाचपटीहून जास्त आढळला. ती गाठ मुळात फार विरळ असल्याने पाचपटीनंतरही धोका थोडाच राहतो, पण बरीच वर्षे इंजेक्शन घेणाऱ्या बाईला नवी, न थांबणारी डोकेदुखी सुरू झाली किंवा नजरेत फरक पडला तर तिने डॉक्टरांना इंजेक्शनाबद्दल आवर्जून सांगावे.

गोळी घेण्याआधी दंडाला पट्टा

माला-एनच्या पाकिटात २१ पांढऱ्या गोळ्या असतात आणि ७ तपकिरी. तपकिरी गोळ्या लोहाच्या. पुष्कळ जणी त्या फेकून देतात. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा त्या फेकू नका. शिवाय त्यांच्यामुळे रोजची सवय मोडत नाही. एक पांढरी गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या आणि पुढची ठरल्या वेळी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवल्याबरोबर एक घेऊन पाकीट पुढे चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले तर तपकिरी गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करा. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर आणखी एक घ्या. एवढे सांभाळले तर वर्षभरात शंभर जणींत एखादीलाही दिवस राहत नाहीत. विसरत विसरत घेतली तर शंभरात सात जणींना राहतात.

आता जी तपासणी सगळ्यांत जास्त टाळली जाते तिच्याविषयी. गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजलाच पाहिजे. तो १४०/९० किंवा वर असेल तर इस्ट्रोजेनवाली गोळी, मग ती माला-एन असो की मेडिकलमधली महाग, घेऊ नये. ३५ वर्षांवरील धूम्रपान करणाऱ्या बाईने घेऊ नये. आपल्याकडे बाया विडी फारशा ओढत नाहीत, तंबाखूचा खर्रा मात्र खातात. खर्रा खाणारीने निदान दर तीन महिन्यांनी रक्तदाब पाहावा. अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे लखलख किंवा अंधारी येणाऱ्यांनी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्यांनी, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर असलेल्यांनी घेऊ नये. बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिने होईपर्यंत नको. क्षयावरचे रिफॅम्पिसिन किंवा मिरगीवरच्या काही गोळ्या चालू असतील तर गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, म्हणून दुसरे साधन शोधावे.

भीती बाळगायचीच असेल तर ती रक्ताच्या गुठळीची बाळगा, वांझपणाची नव्हे. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते. माला-एनसारख्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीने हा आकडा पाच ते सातवर जातो, ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्यांनी नऊ ते बारावर. मुरमे जातात, चेहरा उजळतो म्हणून खपणाऱ्या महाग गोळ्या बहुधा या दुसऱ्या जातीतल्या असतात. फुकटची माला-एन या बाबतीत सरस आहे. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत गुठळीचा धोका याहून जास्त असतो, हेही ध्यानात ठेवा. गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, छातीत दुखले, कधी न झालेली डोकेदुखी उठली किंवा दिसेनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठा आणि तिथे आधी सांगा की गोळी चालू आहे.

कॅन्सरबाबत पारडे दोन्हीकडे झुकते. गोळी चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो आणि थांबवल्यावर हळूहळू उतरतो. पाच वर्षांहून जास्त घेतल्यास गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचाही थोडा वाढतो, म्हणून तिशीनंतर त्याची तपासणी करून घ्यावी. उलट अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका दर पाच वर्षांच्या वापराला सुमारे २० टक्क्यांनी घटतो, आणि हा फायदा गोळी सोडल्यावरही अनेक वर्षे टिकतो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचेही तसेच.

विदर्भातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती मुंबई-पुण्याच्या आरोग्य सदरांत येत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. नुसती वाहक असलेल्या बाईला बहुतेक साधने चालतात. पण प्रत्यक्ष आजार असेल तर रक्तात गुठळ्या होण्याचा कल आधीच जास्त असतो, म्हणून इस्ट्रोजेनची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. अशा बायांसाठी केवळ प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे हार्मोन असलेली साधने बरी मानली जातात. १९८२ मध्ये जमैकात झालेल्या एका छोट्या अभ्यासात अंतरातल्याच औषधाने सिकलसेलच्या वेदनेचे झटके कमी झाल्याचे दिसले होते. या बायांचे गरोदरपण जोखमीचे असते, म्हणून ते ठरवून, डॉक्टरांच्या नजरेखाली यावे. गर्भनिरोधनाची खरी गरज त्यांनाच सगळ्यांत जास्त. सिकलसेलवरचे हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर मूल ठरवण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांशी बोला, आपल्या मनाने ते थांबवू नका.

ज्यांना हार्मोनच नको त्यांच्यासाठी 'छाया' आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही सेंटक्रोमनची गोळी. १९९१ पासून ती 'सहेली' नावाने बाजारात आहे, आता सरकारी दवाखान्यात छाया नावाने फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा, वार ठरवून घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालते. पाळी लांबते, त्याने घाबरू नका. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर मात्र लघवीची तपासणी करा. पीसीओएस किंवा नुकतीच कावीळ झालेली असेल तर ही नको.

मेडिकलच्या काउंटरवरून

एक गोष्ट मला खरोखर टोचते. जननक्षमतेला धोका ज्याने होतो ते निर्धास्त चालू असते आणि ज्याने होत नाही त्याची चर्चा होते. गर्भपाताच्या गोळ्यांची किट चिठ्ठीशिवाय, तपासणीशिवाय घेतली जाते. कायद्याने ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायची आहे. गर्भ नळीत असेल तर ही किट काम करत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. पिशवी पूर्ण रिकामी झाली नाही आणि जंतू शिरले, तर नळ्या चिकटतात. मूल न होण्याचा हा खरा रस्ता. तसाच दुसरा रस्ता अंगावर काढलेल्या पांढऱ्या पाण्याच्या संसर्गाचा, आणि आपल्या देशात गर्भाशयाच्या क्षयाचा. गर्भपात कायदेशीर आहे, आणि साधन फसल्यामुळे राहिलेल्या गर्भासाठी २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्नाची अटही उरलेली नाही. तेव्हा लपवाछपवी करून किट आणण्याचे कारण नाही.

संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी याहून वेगळी. ती गर्भ पाडत नाही, अंडे बाहेर पडणे पुढे ढकलते. अंडे आधीच बाहेर पडले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकी बरी. तिच्या एका गोळीत माला-एनच्या दहा गोळ्यांइतके लेव्होनॉरजेस्ट्रेल असते. एखाद्या वेळी घेतल्याने काही बिघडत नाही, वांझपणही येत नाही. महिन्यातून तीनदा घेणाऱ्या मुली असतात. त्यांची पाळी पार विस्कटते आणि तरीही दिवस राहू शकतात, कारण रोजच्या गोळीइतकी ती भरवशाची नाही. तीनदा लागत असेल तर रोजची गोळी सुरू करा.

आणि सणावाराला, पूजेला, तिरुपतीच्या सहलीला पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉन. ती गर्भनिरोधक नाही, पण शरीरात तिच्यातला थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणजे गुठळीचा धोका असलेल्या बाईला तीही वर्ज्य. रक्तदाब न पाहता शेजारणीच्या पाकिटातल्या चार गोळ्या घेणे हे गोळीचे सगळ्यांत धोकादायक रूप आहे, आणि गंमत अशी की 'पिशवी सुकते' म्हणणारे घर याला कधी हरकत घेत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला पिशवी काढून टाकण्याची घाई आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जास्त जाते, ओटीपोट दुखते, एवढ्या तक्रारीवर थेट ऑपरेशन. जास्त रक्तस्रावावर हीच गर्भनिरोधक गोळी किंवा हार्मोनची तांबी हे मान्यताप्राप्त उपचार आहेत. हार्मोनची तांबी खासगीत काही हजारांना पडते, पण पाच वर्षे आणि अधिक चालते. पिशवी काढा असे सांगितले गेले तर आधी हा प्रश्न विचारा: औषधाने किंवा हार्मोनच्या तांबीने भागेल का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

मूल ठरवलेत की गोळीचे चालू पाकीट पूर्ण करून थांबा. तीन महिने विश्रांती घ्या, मगच प्रयत्न करा, असा कुठलाही नियम नाही; पहिल्याच महिन्यात दिवस राहिले तरी बाळाला गोळीचा अपाय होत नाही. थांबवण्याच्या महिनाभर आधीपासून फोलिक ॲसिड सुरू करा. दोघांची सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर आताच करा, गर्भ राहिल्यावर नको. तीन महिन्यांत पाळीच आली नाही तर आधी लघवीची तपासणी, मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा, आणि दोघे मिळून जा. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा कारण पुरुषातही असते. वीर्याची तपासणी स्वस्त आहे, दुखत नाही, एका दिवसात होते. सुनेच्या पोटावर सोनोग्राफीचे यंत्र फिरवण्याआधी ती करून घ्या.